नानांना सिनेमा बघायचाय

डोळस माणूस दुपारभर पारावर बसून राहिला तर तो टाइमपास करत असतो. दृष्टी गेलेला माणूस त्याच पारावर, त्याच वेळी, त्याच माणसांची उणीदुणी काढत बसला तर तो ‘बिचारा बसलाय’. पहिल्याला घरून शिव्या येतात. दुसऱ्याला येणारेजाणारे केळी देतात. आमच्या नानांना केळी फार मिळतात. त्यांना केळी आवडत नाहीत हे बिडकीनमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण पुण्य मिळवणाऱ्याने समोरच्याची आवड विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

नाना माझे चुलते. संभाजीनगरहून पैठणला निघालं की चितेगावच्या कंपन्या मागे पडतात आणि बिडकीन लागतं, तिथलेच ते. पंचेचाळिशीच्या आसपास काचबिंदूने त्यांची नजर नेली. म्हणजे रंग काय असतो, उजेड काय असतो, ग्रामसेवकाचा चेहरा कसा असतो, हे सगळं त्यांनी आधीच बघून ठेवलेलं आहे. “जेवढं बघायचं तेवढं बघितलं, आता नवीन काही नाही,” असं ते म्हणतात. पण म्हणतात तेवढंच. प्रत्यक्षात नवीन काही आलं की पहिली चौकशी त्यांचीच असते.

मग डीएमआयसी, म्हणजे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा, आलं. जमिनी गेल्या, मोबदला आला, गावात चारचाकी आल्या. नानांचाही एक तुकडा गेला. लोकांनी बोलेरो घेतल्या, स्कॉर्पिओ घेतल्या. नानांनी टीव्ही घेतला. साधासुधा नव्हे, भिंत भरेल एवढा. दुकानातला पोरगा बिचारा सवयीने सांगत सुटला होता, “काका, काळा रंग बघा कसला गडद आहे! असला काळा दुसऱ्या कुठल्याच कंपनीत नाही.” नाना म्हणाले, “काळ्याचं मला नको सांगू, त्यातलं मला कळतं. आवाजाचं सांग.” गावात आठवडाभर हीच चर्चा. आंधळ्याने एवढा टीव्ही कामून घेतला? नानांचं उत्तर तयार होतं. “बायकोला नीट दिसलं पायजे. तिला बारकं दिसलं तर ती मला बारकंच सांगती.”

नानांच्या करमणुकीची सगळी मेख या उत्तरात आहे. करमणूक त्यांना हवीच आहे, ती कळण्याएवढी अक्कल आहे, वेळ तर भरपूर आहे. अडतं एवढंच की दाखवणारे रग्गड झाले आणि सांगणारे कमी.

पूर्वी असं नव्हतं, असं नानांचं म्हणणं. आणि ते निव्वळ म्हातारपणाचं म्हणणं नाही. जुनी करमणूक कानावरूनच यायची. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायची, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागायची. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकताना रेडिओभोवती जमलेल्या बाराच्या बारा माणसांना मैदान सारखंच दिसत नव्हतं आणि सारखंच दिसत होतं. ‘शोले’ १९७५ साली आला तेव्हा त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि धडाधड खपल्या. लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, गणपतीत तो अख्खा सिनेमा कर्ण्यावरून वाजायचा. आमच्याकडे निम्म्या लोकांनी गब्बर आधी ऐकला आणि मग बघितला, आणि बघितल्यावर थोडे नाराजच झाले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ही तिघं गावोगाव फिरून कथाकथन करत. पु. लं.च्या कॅसेटी घरोघरी होत्या. ही सगळी मंडळी काही अंधांची सोय म्हणून बोलत नव्हती. पण बोलत होती. त्यामुळे नानांची नजर गेली तरी पहिली काही वर्षं त्यांच्या करमणुकीला फारसा धक्का लागला नाही. करमणूक मुकी व्हायला लागली तेव्हा ते खरे अडचणीत आले.

मुकी म्हणजे कशी, ते आमच्या काकूंच्या मालिकेत बघावं. मालिकेत ढँण ढँण ढँण असं तीनदा वाजतं. नाना विचारतात, “काय झालं?”

काकू म्हणतात, “सासू.”

“सासूनं काय केलं?”

“बघितलं.”

“कोणाला?”

“सुनेला.”

पुन्हा ढँण ढँण ढँण.

“आता?”

“आता सुनेनं बघितलं.”

पुढची पाच मिनिटं घरातले एकेक जण एकमेकांकडे बघतात आणि जाहिरात लागते. नानांचा हिशेब असा की या मालिकेत वर्षभरात काही घडलेलंच नाही, नुसती बघाबघी झाली आहे. डोळसांना हे समजायला वेळ लागतो, कारण ते बघण्यात गुंतलेले असतात.

जाहिरातींचं तर विचारूच नका. कसलं तरी गुडघेदुखीचं तेल असतं. सगळी महती तोंडाने सांगतात, कोणाकोणाला गुण आला त्यांची भाषणं होतात आणि शेवटी म्हणतात, “आजच स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर फोन करा.” नानांचे गुडघे अजून दुखतात.

सिनेमाची हौस मात्र त्यांची जुनी, आणि ती काही जायला तयार नाही. घरी सिनेमा लागला की नानांच्या शेजारी कोणीतरी बसून सांगायचं, असा रिवाज आहे. सांगणाऱ्यांचे आमच्या घरात प्रकार आहेत.

काकू साड्या सांगतात. “आता ती आली. मोरपंखी नेसलीय. काठ बारीक आहेत. पैठणी नाही, पण पैठणीसारखी दिसती. ब्लाउज कसा घातलाय बाई!” पैठण तालुक्यातली बाई असल्यामुळे काठपदराच्या बाबतीत काकूंचा शब्द शेवटचा असतो. पण एकदा असं झालं, की पडद्यावरच्या बाईने विळा काढून दिराचा खून केला, दीर ओरडून मेला, पोलिस आले, आणि तरी नानांना कळेना की मारलं कोणी. विचारलं तर काकू म्हणाल्या, “सांगितलं की मघाशी. मोरपंखीनं.”

नातवाला बसवलं तर तो गाड्या आणि बंदुका सांगतो. “आज्या, उडली! अजून एक उडली! हा मेला. तो बी मेला. हा नाही मेला, हा हिरो आहे.” तो सिनेमा संपतो तेव्हा नानांकडे मेलेल्यांची बिनचूक यादी असते, पण ते का मेले याचा पत्ता नसतो.

शेजारचे गुरुजी आले तर ते तात्पर्य सांगतात, तेही आधीच. “नाना, हा माणूस पुढं पस्तावणार आहे बघा.” गुरुजींनी पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला, त्यामुळे खलनायक पडद्यावर आल्या आल्या त्यांना त्याचा निकाल लावल्याशिवाय राहवत नाही. मी सांगायला बसलो तर नाना मला पाच मिनिटांत उठवतात. त्यांचं म्हणणं, “तू काय झालं ते सांगत नाहीस, कसं व्हायला पायजे होतं ते सांगतोस. तू पेपरात लिही.”

यावर शास्त्रशुद्ध उपाय जगात आहे. त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक आवाज थोडक्यात सांगतो: ती दार उघडते, खोलीत कोणी नाही, टेबलावर पत्र आहे. बस्स. साडी नाही, तात्पर्य नाही. पत्र कोणाचं ते त्या आवाजाला माहीत असतं, पण वेळ येईपर्यंत तो सांगत नाही. आमच्या घरातल्या एकालाही हे जमणार नाही. हा आवाज सिनेमाच्या आवाजापासून वेगळा ठेवता येतो, थिएटरात ज्याला हवा त्याने आपल्या कानात घालावा, शेजाऱ्याला त्रास नाही.

कायद्यातही हे आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणूक आणि सांस्कृतिक जीवनासाठी वेगळं कलम आहे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत असं ध्वनिवर्णन मिळावं असंही म्हटलेलं आहे. पुढे २०२३च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या निर्मात्यांना सांगितलं की ओटीटीवर आणताना ध्वनिवर्णन आणि उपशीर्षकं तयार करा. काही दिव्यांग मंडळी त्यासाठी कोर्टात गेली होती. २०२४च्या मार्चमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांतल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मी हे सगळं नानांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे शाहरुख खान बघायला लोक हायकोर्टात गेले?” मी म्हटलं, हो. नाना म्हणाले, “आम्ही तेव्हा नुसते शाळा बुडवून जायचो.”

परदेशी ओटीटीवर हे वर्णन भरपूर सापडतं, बरंचसं इंग्रजीत. नातवाने एकदा लावून दिलं. नानांना इंग्रजी जेमतेम कळतं, तरी ते पूर्ण ऐकत बसले. म्हणाले, “काय बोलतोय ते कळलं नाही, पण मधे मधे कोणीतरी माझ्यासाठी बोलतंय एवढं कळलं.” आणि लगेच, हे वाक्य जरा जास्तच हळवं झालं असं वाटून असेल, म्हणाले, “लाव आता मराठी. बघू साडी कोणती ते.”

तरी थिएटरात जायची हौस राहतेच. एकदा शहरातल्या एका थिएटरात आम्ही सहकुटुंब गेलो. खिडकीवरच्या मुलाने नानांची पांढरी काठी बघितली आणि मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारलं, “सर, यांचं पण तिकीट काढायचं का?” नानांचे कान शाबूत आहेत. ते म्हणाले, “काढ की. पूर्ण काढ. अर्धं दिसत असतं तर अर्धं मागितलं असतं.” आत गेल्यावर नातू कानात सांगायला लागला तर मागचे गृहस्थ चिडले. “ओ, बोलू नका ना! आम्हाला बघू द्या.” मध्यंतरात त्यांनी काठी बघितली आणि ओशाळून नानांना पॉपकॉर्न आणून दिलं. केळ्यांच्या मानाने ही प्रगती होती. नानांनी ते घेतलं आणि पडक्या आवाजात विचारलं, “पिक्चर कसा वाटला?” गृहस्थ म्हणाले, “ठीक आहे. तुम्हाला?” नाना म्हणाले, “रद्दी. पैसे वाया गेले.” गृहस्थ गडबडले. अंध माणसाने सिनेमाला आल्यावर भारावून जायला हवं, अशी त्यांची समजूत असावी. नानांना तर तेवढ्यासाठीच यायचं होतं. रद्दी सिनेमाला दुसऱ्याच्या सांगण्यावरून रद्दी म्हणण्यात कसली मजा?

समाजाच्या मनात अंध माणसाची करमणूक म्हणजे भजन, हे पक्कं बसलेलं आहे. एक इंद्रिय गेलं की दुसरं तेज होतं म्हणतात. नाना म्हणतात, “माझं नाक सर्दीनं बंद असतं, जीभ मधुमेहानं बांधलेली. तेज काय ते तोंड झालंय.” तरी नानांना दर कार्यक्रमात गायला सांगतात. नानांचा आवाज अतिशय वाईट आहे. डोळस होते तेव्हा सप्ताहात त्यांना विणेकऱ्याच्या आसपासही फिरकू देत नसत. लांब, जोडे सांभाळायला ठेवत. नजर गेली आणि त्याच आवाजाची मागणी वाढली.

१५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो. एका वर्षी तालुक्याच्या ठिकाणी मोठा कार्यक्रम ठेवला होता. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘अंध बांधवांसाठी मनोरंजनाचा भव्य कार्यक्रम’. हे अर्थात मला वाचून सांगावं लागलं. अंध बांधवांना सकाळी नऊला आणून पुढच्या रांगेत बसवलं. पाहुणे बाराला आले. मग दीपप्रज्वलन झालं, ते सगळ्यांनी मनोभावे ऐकलं. मग सत्कार, हारतुरे, भाषणं. प्रत्येक वक्त्याने खऱ्या अर्थाने डोळस कोण आणि खऱ्या अर्थाने अंध कोण याचा उलगडा केला, आणि प्रत्येक वेळी निष्कर्ष असा निघाला की समोर बसलेले डोळस आहेत आणि समाज अंध आहे. नाना शेजाऱ्याला म्हणाले, “मग काठ्या समाजाला वाटा.” शेवटी मनोरंजनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंध बांधवांनी गाणी म्हटली, एकाने तबला वाजवला, एकाने पेटी, आणि व्यासपीठावरच्या डोळस मंडळींचं उत्तम मनोरंजन झालं. नानांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी बदला घेतला. तीन अभंग म्हटले, पूर्ण, सगळी कडवी. पुढच्या वर्षी नुसतं ब्लँकेट घरी आलं.

एक मात्र सांगायला हवं, की स्टेजवर उभं राहणं आणि स्टेजवर उभं केलं जाणं यांत फरक असतो. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन खरीखुरी, तालमी करून, तिकीट लावून करायची नाटकं केली. ‘अपूर्व मेघदूत’मध्ये एकोणीस अंध कलाकार होते. पावलं मोजून जागा ठरवायच्या, आवाजावरून दिशा ओळखायची, असं ते काम असतं. त्यांनीच २००८च्या फेब्रुवारीत ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. नानांना त्यांच्याविषयी आदर आहे, कारण नाटक वाईट वाटलं तर वाईट म्हणायची मोकळीक त्यात आहे.

अंध माणसाची नक्कल करणाऱ्यांवर मात्र नानांचा दात. सिनेमातला आंधळा हात पुढे करून चाचपडत, फुलदाण्या पाडत चालतो. काकू वर्णन करतात आणि नाना खवळतात. “असा कोणता आंधळा चालतो? असा गंगापूर फाट्यावरून पिऊन आलेला दारुड्या चालतो.” अपवाद एकच, सई परांजपे यांचा ‘स्पर्श’. त्यात नसीरुद्दीन शाह अंध मुख्याध्यापक झाला आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तो बघून, म्हणजे काकूंकडून बघून, नाना म्हणाले, “हा माणूस चिडका आहे. म्हणजे खरा आहे.”

नाथषष्ठीला मात्र नानांना घरच्या सांगणाऱ्यांची गरज लागत नाही. फाल्गुनात दिंड्या पैठणकडे निघाल्या की पायी जाणाऱ्यांत तेही असतात, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. टाळ, पखवाज, कीर्तन, सगळं कानाचं. कीर्तनकार तर मुळातच सांगणारा माणूस. रुक्मिणीने काय नेसलं होतं इथपासून सांगतो, त्यामुळे काकूही खूश. आणि एकनाथ महाराजांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका असे सगळे येऊन आपापली कैफियत मांडून जातात. सोळाव्या शतकात नाथांनी त्यांना बोलायला जागा दिली, तीही हसत हसत. नाना म्हणतात, “नाथांनी आंधळ्याला सोंग दिलं, केळं नाही दिलं.”

डोळसांचीही कधीकधी फजिती होते आणि ती बघण्यात, म्हणजे ऐकण्यात, नानांना विशेष आनंद. आम्ही त्यांना अजिंठ्याला नेलं होतं. लोक म्हणाले, यांना अजिंठा कशाला? पहिल्या लेण्यात चित्रांना धक्का लागू नये म्हणून उजेड बेताचा ठेवलेला. पद्मपाणीसमोर गर्दी, आणि गर्दीतले सगळे गाइडला विचारतायत, “कुठंय? कुठंय? हातात कमळ कुठंय?” गाइड सांगतोय, हे इथे मुकुट, ही मान कललेली, हे कमळ, आणि मग सगळे “हां हां” करतायत. नाना बाहेर आल्यावर म्हणाले, “सगळ्यांना सारखंच दिसलं की.” वेरूळला तर ते आमच्या पुढे होते. दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात, वर दगडातच लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत आणि आत आवाज घुमतो. नानांनी तिथे घसा खाकरला आणि एक सूर लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कोणाला तरी बरा वाटला. निदान लेण्याने तरी तक्रार केली नाही. रखवालदाराने केली.

खेळाचंही सांगतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज खालून टाकतो, टाकायच्या आधी फलंदाजाला तयार आहेस का विचारतो, हो म्हटल्यावर ‘प्ले’ म्हणून टाकतो. खेळपट्टीच्या अर्ध्याच्या आत टप्पा पडावा लागतो. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध हवेत, आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट धरतात. हे मी गल्लीतल्या पोरांना सांगितलं तर एकाने लगेच डोळे मिटले. “आता माझा सिक्स बाराचा.” भारताने २०१२ साली अंधांचा पहिला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक बंगळुरूत पाकिस्तानला हरवून जिंकला. आणि महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो २०२५च्या नोव्हेंबरात. कोलंबोत अंतिम सामन्यात नेपाळला हरवून आपल्या मुलींनी तोही आणला. नानांनी गल्लीत हा खेळ सुरू करायचा घाट घातला होता. चेंडू आला, पोरं जमली, अडचण एकच निघाली. या खेळाला शांतता लागते. बिडकीनमध्ये शांतता! एका बाजूने डीएमआयसीचे डंपर, दुसऱ्या बाजूने भंगारवाल्याचा भोंगा, मधून हळदीचा डीजे. चेंडूचा खुळखुळ ऐकू येईपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या पायावर आपटून गटारात गेलेला. गटारातला चेंडू शोधायचं काम मात्र डोळसांकडे, यावर दोन्ही संघांचं एकमत झालं.

शेवटी नाना बुद्धिबळावर स्थिरावले. अंधांचा पट वेगळा असतो. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घरात भोक, मोहऱ्याखाली खुंटी, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक. बोटांनी सगळा पट वाचता येतो. मोहरा नुसता चाचपला तर तो ‘हलवला’ धरत नाहीत, भोकातून उपसला की धरतात. या खेळाला देशभर नावारूपाला आणणारे चारुदत्त जाधव आपल्या मुंबईचे. किशोरवयात दृष्टी गेली आणि पुढे त्यांनी अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटनाच उभी केली.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात नानांचा पट मांडला जातो. सुरुवातीला लोक दयेपोटी खेळायला बसायचे. एक डाव मुद्दाम हरावा, म्हाताऱ्याला बरं वाटेल, असा विचार. मुद्दाम हरायची वेळ कोणावर आली नाही, त्याआधीच ते हरायचे. आता कोणी बसत नाही. आंधळ्याकडून हरलो हे गावात सांगायचं कसं? मग नाना फोनवर लातूर-नाशिकच्या गड्यांशी खेळतात. तिथे खरी गंमत. चाल तोंडी सांगताना अक्षरांची गल्लत होऊ नये म्हणून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत अंध खेळाडूंसाठी आठ उभ्या ओळींना नावं दिलेली आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. नाना भर हॉटेलात फोनवर ओरडतात, “ईव्हा दोनवरून ईव्हा चार! अरे, बेलाला कामून सोडलंस? बेला उचलली का नुसता हात लावला? हात लावला तर चालतंय!”

चहा पिणारे एकमेकांकडे बघायला लागले. दोनचार दिवसांत गावात बातमी पसरली की डीएमआयसीत परदेशी बाया आल्यात आणि नानांची त्यांच्याशी ओळख आहे. एका पोराने येऊन नम्रपणे विचारलं, “नाना, त्या गुस्तावसाहेबांना सांगून आयटीआयवाल्याचं काही जमतंय का बघा ना.” नाना म्हणाले, “गुस्तावचं सध्या काही खरं नाही. तो घोड्याच्या कचाट्यात आहे.”

फोनमुळे पुष्कळ सोय झाली यात शंका नाही. त्यातला टॉकबॅक पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६मध्ये सुरू झालं, तिथली पुस्तकं ऐकता येतात. त्याआधी २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलून अंधांसाठी पुस्तकं दुसऱ्या रूपात करायची मोकळीक दिली गेली होती. पण फोनला भावना नसतात, आणि व्हॉट्सॲपवर गावाच्या भावनांना पूर आलेला असतो. सुप्रभातच्या फुलांची चित्रं तो नुसती ‘फोटो’ म्हणून उडवून लावतो. हा नानांना दृष्टी गेल्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. कोणी वारलं की मात्र पंचाईत. गावच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या येतात आणि फोन एकाच रडक्या नव्हे, एकाच कोरड्या सुरात वाचत सुटतो: भावपूर्ण श्रद्धांजली जोडलेले हात जोडलेले हात जोडलेले हात. मधेच एकाचं बोट घसरलेलं असतं. भावपूर्ण श्रद्धांजली आनंदाश्रू असलेला चेहरा. नाना मयताच्या घरी बसलेले असताना हे खिशातून मोठ्याने वाजलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि ज्याने पाठवलं होतं तो चपला शोधायला उठला.

तरी नानांचा जीव ब्रेलवर. पन्नाशीत शिकले ते, कुथत कुथत. ब्रेल पुस्तक म्हणजे मोठं प्रकरण. जाड कागद, उठावाचे ठिपके, एका कादंबरीची दोनतीन बाडं होतात. अंधांच्या साहित्याला सात किलोपर्यंत टपाल फुकट असतं, त्यामुळे पाठवणाऱ्याचं काही जात नाही, पोस्टमनची कंबर जाते. तो गठ्ठा ओट्यावर टाकतो आणि विचारतो, “नाना, यावेळी काय, लग्नाची भांडी का?” रहस्यकथांची बाडं बऱ्याच बोटांखालून आलेली असतात. मधली पानं नीट, शेवटच्या पानावरचे ठिपके झिजून सपाट. खुनी कोण ते नेमकं त्याच पानावर.

वाचायला उजेड लागत नाही, हा ब्रेलचा मोठा गुण. रात्री लाइट गेली की भिंतीएवढा टीव्ही मुका होतो, मालिकेतली सासू अर्ध्या बघण्यात थांबते, सगळं घर चाचपडायला लागतं. नाना तेवढ्यात बाड मांडीवर घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात करतात. परवाही असंच झालं. वाड्यात पाहुणी उतरलेली, मध्यरात्र, जिना करकरतोय, बोटं ओळीवरून सरकतायत, नातू मला चिकटून बसलेला. पाहुणी हळूच दार उघडते आणि पुढे पाऊल टाकते.

काकू अंधारातून म्हणाल्या, “नेसलीय काय?”

नाना थांबले. “तसं काही लिहिलं नाही इथं.”

“मागं बघा. मघाशी दिलं असेल.”

नानांनी एक पान मागे उलटून बोटं फिरवली. “नाही. नुसतं ‘ती आली’ असंच आहे.”

“मग हे कसलं पुस्तक?” काकू म्हणाल्या. “लाइट कधी येणार ते विचारा फोन करून.”